ह्यांचा पाय आणि गाडीतला हिरवा दिवा

ती. दादास,

धाकटीचा सावकाश नमस्कार (आमच्याकडे हल्ली सगळंच सावकाश चालतं, कारण पुढे येईलच). तुझी कंबर आता कशी आहे? वहिनीची दाढ काढली का? आम्ही मजेत आहोत, आणि त्याचं सगळं श्रेय तुझ्या हायब्रीड गाडीला. बदली झाली म्हणून तू ती आमच्या दारात ठेवून गेलास, तेव्हा मला वाटलं, धूळ पुसायला आणखी एक वस्तू आली.

ह्यांचं जुनं ड्रायव्हिंग तुला माहीतच आहे. किल्ली हातात घेतानाच कपाळावर आठ्या, सिग्नल सुटायच्या आत हॉर्न आणि पुढच्या गाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब फार वाढलाय, रागावू नका. तर हे डॉक्टरांवरच रागावले. ते मोजायचं यंत्र बाहेर निघालं की मी मनातल्या मनात रामरक्षा सुरू करायची.

जाताना तू ह्यांना एवढंच सांगितलंस, की पाय हलका ठेवला तर गाडी बॅटरीवर चालते आणि हिरवा दिवा लागतो. झालं! त्या दिव्याने ह्यांना पुरतं झपाटलं. ॲक्सिलरेटर असा जपून दाबतात, जणू खाली मांजर झोपलंय. लांबून लाल सिग्नल दिसला की पाय काढून घेतात, गाडी आपली घरंगळत जाते, मग हळूच ब्रेक (ब्रेक हळू लावला तर बॅटरी भरते, कचकन लावला तर सगळं वाया जातं, हे मला आता झोपेतही म्हणता येईल). मागचे हॉर्न मारतात, तर हे हात करून म्हणतात, "जा बाबा पुढे, तुला घाई आहे." दादा, हे असं म्हणतात, हे! सायकलवाले आमची विचारपूस करून पुढे जातात.

मग वजन कमी करायची मोहीम निघाली. छत्र्या, माझी पिशवी, पाण्याची बाटली, सगळं गाडीतून घरात. (जेवून लगेच गाडीत बसू नकोस, असंही मला सुचवून झालं.) परवा डॉक्टरांकडे जाताना टायर पंक्चर झालं. डिकी उघडली, तर स्टेपनी नाही. ती आमच्या पलंगाखाली! आता आरडाओरडा होणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण काहीच नाही. हे शांतपणे म्हणाले, "असू दे, उभ्या गाडीत पेट्रोल तरी जळत नाही." मग टॅक्सी केली, आणि दवाखाना येईपर्यंत त्या बिचाऱ्या टॅक्सीवाल्याची शिकवणी घेतली. डॉक्टरांना यंत्रच बिघडलंय असं वाटलं, म्हणून त्यांनी पुन्हा मोजलं. रक्तदाब अगदी ठीक! कुठलं नवीन औषध घेताय, असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, "दादाची गाडी." आणि तिथेच मला रडू फुटलं. तुझे उपकार कसे फेडू, खरंच कळत नाही.

वहिनीला नमस्कार, मुलांना पापा.

तुझीच,
धाकटी

ता. क. पुढच्या महिन्यात परत येतोयस, गाडी धुऊन ठेव, असं कळवलंस. ठेवली आहे. तुम्हाला घ्यायला हेच येतील. सामान कमी आणा. (तुझं वजन किती, असंही विचारलंय.)

पुन्हा ता. क. दादा, गाडी परत नेऊ नकोस ना रे. बदल्यात आमची जुनी ने. पेट्रोल फार पिते, ब्रेकही कुरकुरतात. पण हॉर्न अगदी खणखणीत आहे, त्याला वर्षानुवर्षांचा सराव आहे.