वीतभर रणगाड्याचा दसरा

ती. उत्तरेश्वरमामांस,

आमोदचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता बार्शीच्या घराचा जिना चढू देतो, की अजून रुसलेलाच आहे? इकडे बिबवेवाडीत दीपाली आणि सासूबाई कुशल आहेत. मी नाही. (आपण व्हॉट्सअॅप उघडत नाही हे एका अर्थी बरंच. पत्र निदान घरात कोणी वाचत नाही.)

आपण सैन्यात चालवलात त्या रणगाड्याची वीतभर प्रतिकृती आपल्या पंचाहत्तरीला स्वतः ब्रशने रंगवून देईन, असं मी गणपतीत सगळ्यांसमोर बोलून बसलो. प्लॅस्टिकचे तुकडे जोडले, इथवर ठीक. मग उत्साहाच्या भरात थेट रंग लावला, तर तो सायीसारखा अख्खा निघून आला. आधी प्रायमर लावायचा असतो म्हणे. लावला. पुढे अॅक्रिलिक रंग पातळ करून एकेक हात द्यायचा, आणि पहिला वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात घालायचा नाही. (खराडीच्या ऑफिसात वीस वर्षं मीटिंगा ऐकलेल्या माणसाला थांबायला येतं, असा माझा समज होता.) घाई केली, दुसऱ्या हाताने पहिलाही उचलला गेला. पण सहाव्या हाताला असा काही हिरवा उतरला मामा, की मी हॉलमध्ये एकटाच नाचलो! आता फक्त वरून पारदर्शक वार्निश राहिलं होतं.

आणि आला दसरा. मी अंघोळीला गेलो तेवढ्यात सासूबाईंनी (मूळच्या नारायण पेठेतल्या, म्हणजे पुढचं आपण समजलातच) स्कूटर, विळी आणि शिलाई मशीन यांच्या रांगेत रणगाडाही बसवला. शस्त्रही तेच, वाहनही तेच, एका हळदीकुंकवात दोन्ही उरकलं. तोफेला झेंडू. वर गाडीचा रिवाज म्हणून चाकांवरच्या पट्ट्याखाली लिंबू! लिंबू रणगाड्याच्या घुमटाहून उंच. त्यांनी वरून दाबलं, लिंबू जिंकलं, डावा पट्टा तुटला. मी टॉवेलवरच ओरडलो, "अहो, हे खेळणं नाही, कलाकृती आहे!" त्या शांतपणे म्हणाल्या, "असेल. आम्ही आपली गाडी समजून पूजा केली. चुकलं."

तेव्हापासून त्या माझ्याशी दीपालीमार्फत बोलतात, मी समोर बसलेलो असताना. आता तर बॅगही भरली आहे. आपली पंचाहत्तरी झाली की नारायण पेठेत भावाकडे, कायमच्या. मामा, मला हे अजिबात सोसवत नाहीये. त्या गेल्या तर या घरात मला टोमणे कोण मारणार?

पट्टा चिकटवला. कुंकू पुसलं तर रंग जाईल, म्हणून त्यावरूनच वार्निश दिलं. त्या वेळी चष्मा नव्हता, त्यामुळे अक्षतेचा एक दाणाही तोफेच्या मुळाशी कायमचा आत राहिला. गोड मानून घ्यावं. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
आमोद

ता. क. मुख्य विनंती राहिलीच. रविवारी पंचाहत्तरीला आमच्याकडे सगळ्यांसमोर भेटीचा डबा उघडाल तेव्हा "आमच्या रणगाड्यालाही दसऱ्याला असंच कुंकू असायचं" एवढं मोठ्याने म्हणा. खरं नसलं तरी म्हणा.

ता. क. दुसरा. उत्तरेश्वरराव, स. न. पत्र टपालात टाकायला दीपालीकडे दिलं होतं, तिने माझ्याकडे दिलं. पाकीट उघडं होतं, वाचलं. चष्मा जावयांच्या नाकावरच होता. तो दाणा गळून पडला होता, तो त्यांनीच चिमट्याने उचलून जिथल्या तिथे बसवला आणि कोणी बघत नाही असं पाहून नमस्कार केला. मी बघत होते. तेव्हा आपल्याला खोटं बोलायची गरज नाही. बॅग मी त्याच दिवशी रिकामी केली. जावयांना मात्र रविवारपर्यंत कळवू नये.
— वासंती