शाळेतलं वीतभर जंगल

अमरावती, २० ऑक्टोबर १९३५

ती. दादांस,

धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि. हिवतापाने मला अंथरुणाला खिळवले आहे. डॉक्टर महिनाभर विश्रांती सांगतात, म्हणून परवा अकोल्याला वहिनीच्या हातची भाकरी खायला येते. तेवढे दिवस तुम्ही माझ्या शाळेत येऊन राहाल का?

शाळेमागच्या कोपऱ्यात मुलींनी मेळघाटातल्या बिया पेरून जंगल लावले आहे: बेल, आपटा, बेहडा, चारोळी. सध्या ते वीतभर आहे, पण झाडापानांचा तास आम्ही तिथेच मातीत बसून घेतो. कमिटीचे अध्यक्ष खुशालराव वकील यांना मात्र त्याच जागी टेनिस खेळायचे आहे. अकरा नोव्हेंबरला इन्स्पेक्टरसाहेब येतील. त्यांना तिथे काही शिक्षण दिसले तर जंगल राहील, नाहीतर जाळे बांधले जाईल.

तुम्ही नुसते पाणी घाला आणि बकऱ्या हाकला. माळ्याच्या घरात जन्मल्याचा एवढा आधार मला पूर्वी कधी वाटला नव्हता.

माझ्यावरचा लोभ महिनाभर रोपांना द्यावा.

आपली,
सुभद्रा

अमरावती, ३ नोव्हेंबर

चि. सुभद्रास शालिकरामचा आशीर्वाद.

बाई, मास्तरीण झाली अन् घरचा धंदा विसरली काय? काय दशा करून ठेवली होती जमिनीची! जिकडं तिकडं गवत अन् झाडोरा. दिवाळीची सुट्टी, पोरी घरी; म्या निवांत आठ दिवस खुरपं चालवलं. आता जमीन आरशावानी साफ आहे. वाफे पाडले, मेथी उगवली, सांभारानं, म्हंजे तुह्या कोथिंबिरीनं, मान काढली. साहेब पाहतच राहीन.

तुहं जंगल मात्र कुठी दिसलं नाही. कोपरा चुकून सांगितला काय? एक वाफा रिकामा ठेवला आहे. जंगल आलं की लावून देतो.

दादा

अकोला, ५ नोव्हेंबर

ती. दादांस,

सा. न. वि. वि. तुमचे पत्र वाचून माझा ताप परत आला. वहिनी हसून हसून चुलीपाशीच बसली. दादा, तुम्ही उपटलेत तेच जंगल!

सगळा ढीग उकिरड्यावर असेल, तर देवासाठी तसाच ठेवा. शाळा भरली की आमच्या माणिकबाई मास्तरीण आणि मुली यांना दाखवा. त्यांना ओळखता येईल. जिवंत असेल ते ओल्या पोत्यात गुंडाळा. तीन वर्षे कमिटीपुढे पदर पसरून ती जागा मिळवली आहे हो. मला डॉक्टर हलू देत नाहीत.

लोभ असावा, खुरपे नसावे.

सुभद्रा

अमरावती, १२ नोव्हेंबर

चि. सुभद्रास आशीर्वाद.

पोरीहीनं मले ढिगापाशी बसवलं. एकेक काडी हाती देऊन विचारून राहिल्या, आजोबा, हे काय? म्या म्हटलं, कचरा. तानू नावाची पोर म्हणे, कचरा नाही, बेहडा. दहा वेळा म्हणा. म्या दहा वेळा म्हटलं. जी रोपं हिरवी होती ती त्या रिकाम्या वाफ्यात लावली. निम्म्यायनं मान टाकली.

काल साहेब आले. खुशालराव त्या काड्यायकडं पाठ करून, मेथी दाखवून म्हणाले, पाहा साहेब, जंगल तर नाहीच. मले राहवलं नाही. पुढं होऊन सांगितलं, होतं, मीच उपटलं. साहेबानं उरलेला ढीग मागवला. पोरीहीनं पानं चोळून, वास घेऊन गवत एकीकडं अन् झाडं एकीकडं केली, नावं सांगितली. साहेबानं दोन काड्या खुशालरावापुढं धरल्या. त्यायनं लय वेळ पाहून सांगितलं, दोन्ही आपटेच. एक बेल होता, दुसरं निव्वळ तरोट्याचं तण! पोरी तोंडाले पदर लावून हसल्या. म्या हसलो नाही. सहा दिवस आधी म्याही असंच काही सांगितलं असतं.

साहेब वहीत लिहून गेले: जागा मुलींकडेच राहावी, पुन्हा बिया पेराव्या, माळी मात्र बदलावा.

दादा

अकोला, २८ नोव्हेंबर

नणदबाईले वच्छलाचा नमस्कार.

तुमी बऱ्या होऊन गेल्या, पण माह्या घरचा माळी बिघडवून पाठवला. वांग्यात खुरपं घेऊन बसतात, एकेक गवत उलटून पाहतात, अन् उपटायले हात उठत नाही. काल म्या विचारलं, काहून थांबले? तर म्हणतात, याचं नाव सुभद्राले विचारून येतो.

वांगी गवतात बुडून राहिली, बाई. माया असू द्या, अन् त्या तानूले आठ दिवस इकडं पाठवा.

तुमची,
वच्छला