परका म

५ मे १९७४, मेडशी

उद्या बुद्धपौर्णिमा. विहारात माझी बायको शांता गाणार, पेटीवर मी. संध्याकाळी घरीच तालीम घेतली. मी सा, ग, प या तीन पट्ट्या एकदम दाबून धरतो आणि ती वरून ओळ म्हणते. ओळ संपते ग वर, पण त्याआधी ती दर वेळी म लावते. माझ्या तीन सुरांत म नाहीच! कानाला टोचतो.

"म कायले लावतं? सरळ ग वर ये ना."

तिनं तसं म्हटलं. सूर बरोबर, पण ओळ मेली. काहून?

मग मी एकटाच पेटीवर बसलो. तिन्ही पट्ट्यांवर म धरून ठेवला, तर नकोसा झाला. तिथून ग वर उतरलो, तर काय गोड! ग तोच, मघाचाच. मग टोचणं हवंच का? तेही क्षणभरच? समजत नाही.

शांताले विचारलं. म्हणे, "मले काय माहीत? तोंडातून तसाच येत होता."

"उद्या लाव मग."

आता भाकरी थापता थापता म्हणून राह्यली. म येतो, पण जपून, सांगितल्यासारखा. उद्यापर्यंत माझं सांगणं विसरेल का ती?