काळ्या कपड्यांतली डिस्को गाणी

४ नोव्हेंबर १९९१, लीड्स

कीबोर्डवाला आला. ज्युलियन. अंगात पिवळा स्वेटर! आमचा बँड गॉथ, म्हणजे काळे कपडे नि उदास गाणी; त्यात आजवर काळ्याशिवाय दुसरा रंग शिरला नव्हता. आमचा गायक रोलंड तर जावई आल्यासारखी त्याची सरबराई करत होता. चहा स्वतः केला. मला कधी केलाय?

पुढची रेकॉर्ड म्हणजे शाळेच्या डिस्कोत वाजायची तसली, सगळी कीबोर्डवर चालणारी सिंथ-पॉप गाणी, आमच्या पद्धतीनं, अंधारात बुडवून. "गेनर, सगळे गॉथ घरी चोरून हेच ऐकतात," रोलंड म्हणाला. खरं आहे. मीही ऐकते. पण त्यात गिटार कुठे असते? मग मी कुठे?

७ नोव्हेंबर

ज्युलियनच्या टेपा ऐकल्या. सुरेख आहेत. अंगाची लाही झाली.

एक खोट मात्र सापडली — प्रत्येक गाण्यात मध्येच सूर थांबतात आणि मिल्ड्रेड मावशी एकटीच ठोकत राहते. मावशी म्हणजे आमचं ड्रम मशीन. ड्रमर ठेवायचा नाही, मशीनला नाव द्यायचं आणि आपल्या नावांशेजारी ते रेकॉर्डवर छापायचं, ही आमच्यातली रीत. तिच्यात ताल मी भरायचे. आता तेही हाच करतो.

"पठ्ठ्याला गाणं पुरं करता येत नाही," मी म्हटलं.

"तुझ्या पोटात दुखतंय," रोलंड म्हणाला.

दुखतंयच. बँड आम्ही दोघांनी काढला होता!

१० नोव्हेंबर

आई इस्त्री करता करता ज्युलियनच्या टेपमधली धून गुणगुणत होती. "अखेर तुमचं एक तरी गाणं गुणगुणता येतंय गं." घरातही घुसला.

१३ नोव्हेंबर

तालीम. हाताची घडी घालून बसले. 'वाजव' असं कोणी म्हटलं नाही. ज्युलियन काहीतरी बोलायला जवळ आला, मी तारा पुसत राहिले. गेला परत.

१७ नोव्हेंबर

काल पबच्या मागच्या हॉलमध्ये नवी गाणी पहिल्यांदा लोकांपुढे.

स्टेजवर धूर सोडायच्या यंत्राचं बटण माझ्या पायाशी असतं. पहिल्याच गाण्याला लोक पिवळ्या स्वेटरकडे बघून नाचायला लागले आणि माझं डोकं फिरलं. बटण दाबलं ते पाय उचललाच नाही. तो दिसू नये, एवढंच हवं होतं.

दिसेनासा झाला. मग कीबोर्डही थांबला. नुसती मावशी ठोकतेय, रोलंड गातोय, बाकी शुकशुकाट. मला राहवेना. त्याची धून मी गिटारवर धरली. पाठच होती मेली! शेवटच्या गाण्यापर्यंत सोडली नाही. लोक वेडे झाले. आमच्यासाठी एवढा आरडाओरडा मी कधी ऐकला नाही.

अंगणात आले तर ज्युलियन भिंतीला टेकून धापा टाकत होता. रोलंडनं त्यालाच मिठी मारली. "काय वाजवलंस रे! रेकॉर्ड अशीच करायची." हा धुरात काळा चष्मा लावून गातो, त्याला काय दिसणार? ज्युलियनला बोलवेना, नुसता हात हलवत होता. रोलंडला वाटलं, लाजतोय.

मीही काही बोलले नाही. बोलले असते तर धुराचंही सांगावं लागलं असतं.

१८ नोव्हेंबर

माझं वाजवणंसुद्धा त्याच्या नावावर गेलं. जेवले नाही.

२० नोव्हेंबर

ज्युलियनचा फोन. रोलंडला त्यानं सगळं सांगितलंय — तो स्वतः बाहेर होता, वाजवलं गेनरनं. धुराच्या यंत्राला बिचारा शिव्या देत होता. "बिघडलंय ते. दुरुस्त करून घ्या. मला लहानपणापासून दमा आहे."

मग म्हणाला, "गाण्यांतल्या त्या मधल्या रिकाम्या जागा तुझ्या गिटारसाठीच सोडल्या होत्या. बँडमध्ये येण्याआधी तुमच्या प्रत्येक कार्यक्रमाला मी प्रेक्षकांत, तू वाजवायचीस त्या बाजूला उभा असायचो. सांगायचं होतं, पण तू बघायचीसच नाहीस."

मध्ये मध्ये खोकत होता. यंत्र बिघडलेलं नाही, हे मला अजून सांगता आलेलं नाही.