डावीकडून उजवीकडे

मी, खाली सही करणार, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा फोटोग्राफी, बाटल्यांच्या कारखान्याच्या फाटकासमोरील स्टुडिओचा मालक, आज कोणाच्या धाकाने किंवा आग्रहाने नव्हे, तर स्वतःच्या अकलेने हे मृत्युपत्र लिहीत आहे. अक्कल शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात त्यांनी 'आजच्या तारखेस' असे शब्द घातले आहेत. उद्याची हमी ते देत नाहीत, मीही देऊ शकत नाही. मला विसरण्याचा आजार जडला आहे, म्हणून ही घाई.

१. स्टुडिओ, मागची राहती खोली, एन्लार्जर आणि तिन्ही कॅमेरे माझ्या मुलीला द्यावेत. एकच गोष्ट मी दिवसातून चार वेळा सांगतो आणि ती चारही वेळा "हो का बाबा?" म्हणते. निळा पडदा मात्र समोरच्या झेरॉक्सवाल्याला कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. त्याने माझ्या देखत गिऱ्हाइकाला सांगितले होते, "म्हाताऱ्याकडे जाऊ नका, फोटो हातात येईपर्यंत तुमचा चेहरा बदललेला असेल." हे मी अजून विसरलेलो नाही.

२. आता मुख्य मालमत्ता. लोखंडी कपाटातील अकराशे प्रिंट आणि त्यांच्या निगेटिव्ह. कामगार संघटनेच्या पुढाऱ्याची सत्तावीस वर्षे त्यात आहेत. त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण तो बोलू लागला की कारखान्याचा भोंगाही ऐकू येत नसे. पहिल्या फोटोत तो भट्टीखात्यातला काटकुळा कामगार आहे, उलट्या खोक्यावर चढलेला. शेवटच्या फोटोत दवाखान्याच्या खाटेवर पडून पत्रकाचा मजकूर सांगतो आहे. संग्रहालयाच्या बाई आल्या होत्या. त्यांना साठ फोटो हवे आहेत, ज्यांत तो मधोमध आहे.

"आणि बाकीचे?" मी विचारले.

"घेऊ काही. खाली 'अनोळखी कामगार' असं लिहू, काका."

"अनोळखी कोणाला? मला नाहीत."

"मग नावं द्या ना," त्या म्हणाल्या.

३. नावे का नाहीत, ते लिहून ठेवणे भाग आहे. प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे लिहायचे ही माझी शिस्त होती. हाक मारायचे नाव, खाते, बिल्ला क्रमांक. मोठ्या संपात फाटकावरच्या सभेचा फोटो काढला. भोंगा खोक्यावर आणि पुढे सदतीस चेहरे, सगळे स्पष्ट. दोन दिवसांनी कंपनीचा एक गोडबोल्या अधिकारी स्टुडिओत आला. "उजेड काय पकडलाय हो तुम्ही! एक प्रत द्या आठवण म्हणून." मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो आणि प्रत दिली. नेहमीसारखी, मागच्या अक्षरांसकट.

नवव्या दिवशी काढून टाकलेल्यांची यादी फाटकावर लागली. सदतीस जण. क्रम खात्याचा नव्हता, बिल्ल्याचाही नव्हता. माझा धाकटा भाऊ, भट्टीखाते, बिल्ला ६१२, त्यात आठवा होता. तो यादी वाचून सरळ रस्ता ओलांडून आला, माझ्याकडची प्रत उलटी केली आणि बोट ठेवून मोजत गेला.

"दादा, यादी डावीकडून उजवीकडे आहे."

मी खाली मान घातली. तो गेला. एकतीस वर्षे तो दोन गल्ल्या पलीकडे राहतो आणि मी समोरून येताना दिसलो की रस्त्याची बाजू बदलतो.

४. त्याच दिवशी मी भोंग्याला सगळे सांगितले. त्याने दार लावून घेतले. "गप्प बस. हे बाहेर गेलं तर संप मोडेल. फोटो काढत राहा, मागं काही लिहू नकोस." मी ऐकले. मग फितूर कोण म्हणून बोटे फाटकावरच्या चहावाल्याकडे वळली, कारण त्याला सगळ्यांची नावे ठाऊक होती. त्याचा स्टोव्ह गटारात फेकला, त्याला ढकलत चौकापर्यंत नेले. मी काचेआडून पाहत होतो. कॅमेरा गळ्यात होता, तोंड जागेवर होते, दोन्ही बंद ठेवली. चहावाला निर्दोष होता. फितुरी माझ्या पेन्सिलीने केली आणि भोंग्याने ती झाकली. हे सदतीस जणांच्या त्या फोटोखाली ठळक छापावे, ही संग्रहालयाला पहिली अट. भोंगा माझ्या लेखी अजूनही मोठा आहे. मोठ्याला एवढे सोसले पाहिजे.

५. त्यानंतर मी चार दिवस बसून तोवरच्या सगळ्या प्रिंटच्या मागची नावे खोडरबराने पुसली आणि पुढच्यांवर काही लिहिलेच नाही. पुन्हा कोणाची भाकर जायला नको म्हणून. आता गेले सहा महिने तीच नावे परत लिहीत आहे. दोनशे चौदा प्रिंट झाल्या. पुढे सरकवत नाही. तपासणी खात्यात बाटल्या उजेडात धरून बघणारी एक बाई आहे, तिच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. परवा तिचे नाव जिभेवर आले आणि गेले. रोज दोन-तीन जण असे जातात. मी पेन्सिल घेऊन नुसता बसून राहतो.

काल सदतीस जणांची प्रिंट काढली. सात नावे लिहिली आणि आठव्याशी अडलो. बाही भाजलेला एक तरणा माणूस, सरळ माझ्याकडे बघून हसतो आहे. मुलीला विचारले, "हा कोण गं?"

तिने प्रिंट माझ्या हातातून घेतली. मग म्हणाली, "बाबा, असं काय करता? काका आहे हा."

मी ढसाढसा रडलो. लाज वाटत नाही, म्हणून लिहितो.

६. तरी सर्व अकराशे प्रिंट आणि निगेटिव्ह संग्रहालयाला द्याव्यात. साठ निवडून बाकी परत करता येणार नाहीत. दुसरी अट, एकाही चेहऱ्याखाली 'अनोळखी' लिहू नये. उरलेली नावे धाकट्याला विचारावीत. पाळीच्या सुरुवातीला हजेरी तोच पुकारत असे, त्याला झोपेतही येतील. त्याने दार उघडले नाही तर दारात बसून राहावे.

७. धाकट्याला मी काहीही देत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, आणि साक्षीदाराने माझ्यासमोर बसून सही करावी लागते. वकील म्हणाले, "अहो, शेजारचा कोणीही चालेल." मला चालणार नाही. दुसऱ्या सहीवाचून हा कागद रद्दी आहे, हे त्यांनी तीनदा समजावले. असू दे रद्दी. तुला या खोलीत आणायला माझ्याकडे दुसरा उपाय उरलेला नाही.

ठिकाण : स्टुडिओची मागची खोली
दिनांक : ४ मार्च, सकाळी अकरा

लिहून देणार : (सही) फोटोग्राफर

साक्षीदार पहिला : (सही) दाखला देणारे डॉक्टर

साक्षीदार दुसरा : ........................
(धाकट्या, इथे. पुढे बिल्ला क्रमांक घाल. लवकर ये. मी तुला ओळखलं नाही, तर रागावून परत जाऊ नकोस. तू कोण ते मला सांग.)