रात्रीचे अठरा पौंड

डर्बीशर, १४ मे २००६

ती. अरुणाताई,

नमस्कार. सव्वा वर्षाने तुम्हाला लिहितो आहे. मायना काय घालावा या विचारातच समोरचा चहा गार झाला. तुमचं पत्र आमच्या पिनरच्या घराच्या शेजाऱ्यांनी इकडे पाठवलं. आम्ही दोघं मजेत आहोत. हवा इंग्लंडातली आहे, तेव्हा तिच्याबद्दल न बोललेलं बरं. तुमच्या जेवणाच्या टेबलावरून मी ताट सोडून उठलो होतो. ते पोटात घालून तुम्ही आधी लिहिलंत, हा तुमचा मोठेपणा.

हरीशराव रिटायर होताहेत, तुम्ही गाडीमागे ओढायची कॅरव्हान घ्यायच्या विचारात आहात आणि कॅरव्हान क्लबच्या मुक्कामाच्या साइट्स पैसे वसूल आहेत का, असं विचारलंत. योग्य माणसाला विचारलंत. कौन्सिलच्या रस्ते खात्यात अठ्ठावीस वर्षं मी कंत्राटदारांची बिलंच तपासत होतो.

तर, पिच म्हणजे कॅरव्हान उभी करायची जागा, ती आणि दोन माणसं मिळून रात्रीचे अठरा पौंड पडतात. शेतकऱ्याच्या रानात पाच कॅरव्हानपुरती जागा असते, तिथे सात पौंडांत भागतं. पण सात पौंडांत मिळतो एक नळ, एक कुंपणाची तार आणि शेणाचा वास. क्लबच्या साइटवर गरम पाण्याचे शॉवर, घासून लख्ख केलेल्या फरशा, पिचवर वीज. सुप्रभा पहिल्यांदा पाहून म्हणाली होती, "अहो, हे आपल्या घरापेक्षा स्वच्छ आहे." वॉर्डन म्हणून एक जोडपं गेटपाशीच राहतं. गेटला आडवा दांडा, चहूकडे झाडांचं दाट कुंपण आणि जायची-यायची वाट एकच. भलतं कोणी आत येत नाही. आतलं कोणी न कळता बाहेर जात नाही.

शिवाय शेजार. दर दोन-तीन दिवसांनी बदलतो, आणि माझ्या मते अठरातले दहा पौंड त्याचेच आहेत. सुप्रभा रोज सकाळी पायरीवर उभी राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला छान हसून सांगते, "हॅलो, आय ॲम सुप्रभा. वी हॅव जस्ट अराइव्ड." इथे सगळेच नुकते आलेले असतात, त्यामुळे कुणाला काही वाटत नाही. आज आमचा एकोणिसावा दिवस आहे. एकवीस रात्रींच्या वर एका साइटवर राहू देत नाहीत, म्हणून परवा मुक्काम हलवू. पुढचा पत्ता मागे लिहिला आहे.

ती ठीक आहे. तुम्ही विचारलं नाहीत, तरी आपलं सांगितलं. हरीशरावांना नमस्कार.

आपला,
गिरीश

*

नॉर्थम्बरलँड, ५ जून २००६

ती. अरुणाताई,

पत्र पोचलं. दारापुढे ताणायची ऑनिंग कोणती घ्यावी, गाडीला किती वजन झेपतं, हे प्रश्न हरीशरावांचे दिसतात. त्यांची उत्तरं वेगळ्या कागदावर देतो आहे. शेवटचे दोन प्रश्न मात्र तुमचे आहेत. घरी कधी परतणार, आणि सुप्रभा फोनवर का येत नाही.

ताई, तुम्ही कॅरव्हान घेणार नाही आहात. हरीशरावांना गाडीत अर्ध्या तासात मळमळतं, हे मी विसरलो होतो, काल आठवलं. तुम्ही दुसरंच विचारत होतात. मग सरळ विचारायचं! पण सरळ विचारलंत तेव्हा मी काय केलं होतं, तेही मला आठवतं.

तुम्ही त्या रात्री एवढंच म्हणाला होतात, "गिरीशराव, हिला एकदा मेमरी क्लिनिकला दाखवून घेऊ या." तिने जेवताना तुम्हाला चौथ्यांदा विचारलं होतं, आई कशी आहे. तुमच्या आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. आणि मी म्हणालो, तुम्हा डॉक्टरांना धडधाकट माणूस बघवत नाही, स्वतःच्या बहिणीला वेडी ठरवायला निघालात. हरीशराव मधे पडले तर त्यांनाही बोललो.

नंतर पिनरला मंडळाचं हळदीकुंकू झालं. तिने एकाच बाईला तीनदा वाण दिलं. ती बाई नवीन लग्न झालेली, भोळेपणाने तीनदा घेतलं बिचारीने. मग कोपऱ्यात कुणीतरी हसलं. इतकी वर्षं ज्या बायकांच्या मुलांना सुप्रभाने शाळेत अक्षरं शिकवली, त्या. मी हॉलच्या दारातूनच तिला घेऊन निघालो आणि एप्रिलात कॅरव्हान घेतली. झाकली मूठ सव्वा लाखाची. ईशिता सिंगापूरहून दर रविवारी फोन करते, तिच्या त्या इंग्रजी वळणाच्या मराठीत, "बाबा, आई बरा आहे का?" मी म्हणतो, अगदी बरी आहे, शॉवरला गेली आहे. एक वर्ष झालं, दर रविवारी तिची आई शॉवरमध्ये असते.

एवढं वाचून तुम्ही घाबराल, म्हणून सांगतो, मी सगळं नीट बसवलं आहे. कपडे मी घालून देतो, स्वयंपाक मी करतो. वरण जमतं, पोळ्या जमत नाहीत. पाणी आणायला आणि संडासाची टाकी रिकामी करायला जावं लागतं तेवढाच प्रश्न होता. तर दाराला बाहेरून कडी बसवून घेतली आहे. दहा मिनिटांचं काम असतं. तिला कळतसुद्धा नाही.

तुम्ही याबद्दल काही लिहू नका. ऑनिंगबद्दल लिहा.

गिरीश

*

जेडबरोजवळ, २२ जून २००६

अरुणाताई,

मंगळवारी संध्याकाळी तुमच्याकडे तीनदा फोन वाजला असेल आणि पलीकडे कोणी बोललं नसेल. तो मी होतो. साइटच्या फोनबॉक्समध्ये होतो, ती माझी बाही धरून उभी होती. तुमचा "हॅलो, कोण?" ऐकला आणि दर वेळी रिसीव्हर ठेवून दिला.

सुप्रभाचा उजवा हात भाजला आहे. तळवा आणि मनगट. आधी हे सांगतो, कारण तुम्ही डॉक्टर आहात. इथल्या लहानशा हॉस्पिटलात ड्रेसिंग केलं, दर दोन दिवसांनी बदलायचं आहे. खोल नाही म्हणाले. बोटं हलतात.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी पाण्याला गेलो. कडी लावून गेलो. नळावर लीड्सचा एक माणूस होता, साठीचा, हातात वीस पौंडांची पावती. म्हणाला, "ट्वेंटी क्विड फॉर अ बिट ऑफ ग्रास! डेलाइट रॉबरी." झालं. मी पाण्याचा डबा खाली ठेवला. शॉवर धरा, वीज धरा, वॉर्डन धरा, सुरक्षितता धरा. त्याच्याच पावतीच्या पाठीवर मी त्याला हिशोब मांडून दाखवला. तो हसायला लागला, तसा मला आणखी चेव आला. बी अँड बीच्या खोल्यांचे दर काढले, फ्रान्सचे काढले. चाळीस मिनिटं, ताई. सुरक्षितता धरा, असं मी त्याला सांगत होतो तेव्हा तिने चहासाठी गॅस पेटवला होता आणि हात पुसायचं फडकं बर्नरवर टाकलं होतं.

ओरडणं ऐकू आलं, पण तिचा आवाज मी ओळखला नाही. शेजारच्या बाई दार ओढत होत्या आणि त्यांना कडी दिसत नव्हती, कारण ती मी खाली, रंगाला रंग लावून, दिसणार नाही अशी बसवली होती. शेवटी त्यांच्या नवऱ्याने खिडकी उचकटून तिला बाहेर काढलं. मी धावत पोचलो तेव्हा ती गवतावर बसून त्या बाईंना सांगत होती, "वी हॅव जस्ट अराइव्ड."

हॉस्पिटलात नर्सने विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, मी बाहेर उभा होतो, एका सेकंदात झालं. तोंड वर करून म्हणालो. परत आलो तर वॉर्डनबाई आमच्या दाराशी उभ्या होत्या. कडीला हात लावून म्हणाल्या, "मिस्टर आगाशे, हे मला कुणाला तरी कळवावं लागेल. पण त्याआधी तुम्हीच तुमच्या माणसांना सांगितलंत तर मला बरं वाटेल." रविवारपर्यंत थांबते म्हणाल्या. भल्या बाई आहेत. त्यांच्याशी भांडायला मला जागाच नव्हती.

आता जे लिहितो ते त्यांनाही सांगितलेलं नाही.

मी वादात वेळ विसरलो नव्हतो. घड्याळ हातात होतं. दोनदा पाहिलं. पंधरा मिनिटं झाली तेव्हा पाहिलं आणि अर्धा तास झाला तेव्हा पाहिलं. त्या माणसाला मला काहीएक पटवायचं नव्हतं. मला परत जायचं नव्हतं. परत गेलो की ती विचारणार, आपण कुठे आहोत, मी सांगणार, आणि डबा टेकवायच्या आत ती पुन्हा विचारणार. नळाशी ऊन होतं आणि एक माणूस माझ्याशी शहाण्यासारखा बोलत होता. मला वाटलं, आणखी पाच मिनिटं. ताई, मला तिचा कंटाळा आला होता. पस्तीस वर्षं सोबत असलेल्या बायकोचा. हे मी कुणाला सांगू?

त्याच संध्याकाळी, फोनच्या त्या प्रकारानंतर, तिला गादीवर बसवलं आणि चमच्याने भात भरवत होतो. तिने मला जवळ वाकायला सांगितलं आणि अगदी हळू म्हणाली, "इथे एक माणूस आहे हो. रोज मला कोंडून जातो. तुम्ही सज्जन दिसता म्हणून सांगते."

मी विचारलं, "तुमच्या घरच्यांना सांगू का?"

"नको नको," ती म्हणाली. "आमचे हे फार तापट आहेत. माझ्या अंगाला कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. त्या माणसाचा जीव घेतील."

मी म्हणालो, नाही सांगणार. मग तिने उरलेला भात खाल्ला.

कडी मी त्याच वेळी काढली. आता पाणी शेजारच्या बाई आणून देतात, आणि हे पत्र वॉर्डनबाई टाकतील. रात्री मी दाराला पाठ लावून जमिनीवर झोपतो. झोपतो म्हणजे पडतो. किती दिवस चालेल हे मला माहीत नाही. दोन दिवससुद्धा चालेल असं वाटत नाही. मी भलताच दमलो आहे. काल ती आंघोळीला येईना तेव्हा माझा हात वर गेला होता. खाली आणला. उद्या आणता येईल की नाही, सांगवत नाही, आणि मला माझी भीती वाटते.

ती मला सोडून कुठे राहायला गेली तर मी काय करायचं, हेच दीड वर्ष मनात होतं. म्हणून तुम्हाला तोडलं, मंडळ सोडलं, ईशिताला फसवलं. तिला कुणी नेऊ नये म्हणून सगळं केलं, आणि आता तिला माझ्यापासूनच वाचवायला हवं आहे.

तुमच्या ग्लासगोहून इथे यायला दोन तास लागतात. डर्बीशर, नॉर्थम्बरलँड, मग इथे. प्रत्येक वेळी मी उत्तरेचीच साइट निवडली. का, ते तुम्हाला कळेल, मला ते कबूल करायला इतके दिवस लागले.

या. शनिवारीच या. क्लिनिक म्हणा, होम म्हणा, सोशल सर्व्हिसेस म्हणा, तुम्ही ठरवाल ते. तिला तुमच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवा, मागे बसली की घाबरते. ती तुम्हाला ओळखेल की नाही, सांगता येत नाही. तुम्हाला मला जे बोलायचं असेल ते तिच्यासमोर, त्या वॉर्डनबाईंसमोर, वाटेल तितकं बोला.

मी उलट बोलणार नाही.

गिरीश