उजवीकडचं दार

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील, म्हणजे फाडायचं की वाचायचं हे ठरवायला सोपं गेलं असेल. वाचतोयस असं धरून चालते. खरं तर फोनच करणार होते. तीनदा तुझा नंबर काढला आणि तिन्ही वेळा काहीतरी शिवायला घेतलं. तुला माहीतच आहे, तोंड उघडलं की मी आधी भांडते आणि मग मुद्द्यावर येते. चार वर्षांपूर्वी भर बसस्टँडवर तेच झालं आणि तेव्हापासून आपला अबोला. कागदावर निदान आवाज तरी चढवता येत नाही.

आधी आपल्या साहेबांची, म्हणजे तुझ्या भाच्याची, खबर. तू ठेवलेलं हे नाव आता सगळ्या गल्लीने उचललंय. हात मागे बांधून, पोट पुढे काढून चालणं तसंच आहे, फक्त आता उंचीही साहेबाला शोभेल अशी झालीय. चौदावं सरत आलं. माझ्यापेक्षा चार बोटं उंच झालाय, ओठावर मिसरूड फुटलंय. बोलणं मात्र तेवढंच, पंधरा-वीस शब्द. त्यांत मामा पहिल्या नंबरावर, बिस्कीट दुसऱ्या आणि जन्मदात्री आई तिसऱ्या. दर वाढदिवसाला तुझे बूट येतात, चिठ्ठी नसलेले आणि लेस नसलेले, पट्टीचे. तीन वर्षं माप अचूक निघालं. यंदाचे दोन नंबर लहान निघाले. तरी पठ्ठ्याने पाय कोंबले, टाचा बाहेर ठेवून दिवसभर फटक फटक करत फिरला आणि मला काढू देईना. तो एवढा वाढेल असं तुला कसं कळणार, तू त्याला पाहिलं कुठे आहेस.

मी त्याच दुकानात आहे. लोकांच्या पँटी आखूड करते आणि कमरा सैल करते. मोठी माणसं लांबीला वाढत नाहीत, रुंदीलाच वाढतात, एवढं ज्ञान या मशिनीवर बसून मिळालं. साहेबांच्या पँटी अजून मीच शिवते. त्यांना पुढे नुसती दिसायला चेन असायची, उघडत नसे, आणि त्यावरून तू माझ्याशी हुज्जत घालायचास. खरी चेन लाव म्हणायचास. अडकेल रे, असं मी म्हटलं की, प्रत्येक पुरुष एकदा अडकतोच, त्याशिवाय शिकत नाही, असं तुझं उत्तर. गेल्या महिन्यात खरी लावली. एकदा अडकला, शेजारपाजारी गोळा होतील एवढा बोंबलला, पण पुन्हा नाही अडकला. तुझं बरोबर होतं, हे मी लिहून देतेय, जपून ठेव.

आपण बाहेर पडायचो ते आठवतं ना? लोक रस्ता दुकानांवरून लक्षात ठेवतात, आपण मुताऱ्यांवरून ठेवायचो. अमुक ठिकाणी पाणी असतं, तमुक ठिकाणी कडी लागत नाही, मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर कुणी हटकत नाही. तू होतास तोवर मला विचार करावा लागला नाही. तू त्याला घेऊन उजवीकडच्या दारातून आत जायचास, मी पिशव्या सांभाळत बाहेर उभी. तू गेल्यावर मी त्याला माझ्याबरोबर बायकांच्या बाजूला न्यायला लागले. तो दहा-अकराचा होता तोवर बायका हसून जागा द्यायच्या. एकीने तर माझ्या हातात सामान बघून त्याची पँट वर ओढून दिली होती. मग मिसरूड आलं आणि हसणं थांबलं.

तीन आठवड्यांपूर्वी त्याच बसस्टँडवर त्याला आत नेलं. आरशापाशी एक बाई लहान मुलीचे केस नीट करत होती. तिने साहेबांना बघितलं आणि मुलीला पोटाशी धरून अशी किंचाळली की मीच दचकले. तिला मी नावं ठेवणार नाही. माझ्याबरोबर लहान मुलगी असती तर मीही तेच केलं असतं. पण साहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. फरशी पुसणाऱ्या मावशी धावत आल्या. एवढा बाप्या माणूस आत आणता का बाई, म्हणाल्या. मग त्याच्याकडे नीट बघितलं, फडकं खाली ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, आता याचं दार पलीकडचं. ते मलाही कळत होतं रे, फक्त कुणी म्हणेपर्यंत मी ढकलत होते.

तर पलीकडच्या दाराशी गेलो. त्याला घाई झालेली, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता. एक वयस्कर कंडक्टर आत निघाले होते. मी लाज गुंडाळून ठेवली आणि त्यांना म्हटलं, जरा याच्याकडे बघाल का. त्यांनी नुसता हात पुढे केला, आणि आपला हा कुणाच्याही हाताला न लागणारा प्राणी मुकाट्याने त्यांच्याबरोबर गेला. मी बाहेरून ओरडले, झालं का रे? आतून तीन वेगवेगळ्या पुरुषांनी घाबरून उत्तर दिलं, झालं, झालं. त्या परिस्थितीतही मला हसू आलं. थोड्या वेळाने दोघं बाहेर आले, साहेबांचे हात कोपरापर्यंत ओले. कंडक्टर म्हणाले, वेळ लागला ताई, आत दिवाच नाही, वर्षानुवर्षं नाही, मोबाइलचा उजेड धरावा लागतो. साहेब त्यांच्या हातातल्या मोबाइलकडे बोट दाखवून म्हणत होते, मामा, मामा.

धाकट्या, मी तिथेच बाकावर बसले. चार वर्षांपूर्वी त्या दिवशी तू त्याला घेऊन बाहेर आलास तेव्हा त्याची पँट ओलीचिंब होती आणि तुझ्या हातात मोबाइल होता. मला तो मोबाइल तेवढा दिसला. मी काय बोलले ते पुन्हा लिहायला हात धजत नाही, पण तू चाळीस माणसांसमोर ऐकलंस, तर मला लिहायला काय झालं. बोलत बसला असशील कुणाशी, म्हणाले. त्याचा बाप असता तर असं झालं नसतं, म्हणाले. तू कोण लागतोस त्याचा, असंही म्हणाले. त्याचे बाबा गेले तेव्हा महिनाभरासाठी म्हणून आलेला आणि सात वर्षं राहिलेला माझा भाऊ तू. अंगातला शर्ट काढून त्याच्या कमरेला बांधलास आणि घरापर्यंत बसमध्ये नुसत्या बनियनवर बसलास. महिन्याच्या आत दुसऱ्या गावच्या छापखान्यात नोकरी धरून निघूनही गेलास.

मोबाइलचं मला आता कळलं. पण दुसरी गोष्ट मला त्याच संध्याकाळी कळली होती, आणि ती मी कुणाला सांगितलेली नाही. तेव्हा त्याच्या पँटींना कमरेत नाडी असायची. लागली की तो भर रस्त्यातच पँट खाली करायचा, म्हणून त्या सकाळी मी एकावर एक दोन निरगाठी मारल्या आणि नाडी आत खोचून टाकली. तुला सांगायचं राहिलं. घरी आल्यावर माझ्याही हाताने ती सुटेना. नखं तुटली, शेवटी कात्रीने कापली. तू बाहेर पायरीवर बसला होतास. मी दार उघडून दोन वाक्यं बोलले असते तर संपलं असतं. पण मग बसस्टँडवरचा एकेक शब्द माझ्यावर उलटला असता, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. मी नाडीचे तुकडे कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाला घातले. दुसऱ्या दिवशी सगळ्या पँटींना इलास्टिक लावलं. तू अंधारात, एका हातात उजेड धरून, दुसऱ्या हाताने माझी गाठ सोडवत होतास आणि ते पोर रडत होतं. चूक माझी होती. माफ कर मला. तू गेल्यापासून असा एक दिवस नाही की मला हे आठवलं नाही.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. त्याच्यासारख्या मुलांसाठी इथे एक कार्यशाळा आहे, कागदी पिशव्या करतात. तिथल्या मॅडमनी त्याच्या घड्या बघितल्या आणि म्हणाल्या, इतक्या सरळ घड्या आमच्या जुन्या मुलांनाही जमत नाहीत. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारपासून घ्यायला तयार आहेत, अट एकच. त्याला मुतारीत एकट्याने जाऊन येता आलं पाहिजे, न्यायला त्यांच्याकडे कुणी पुरुष नाही. मी घरी शिकवतेय. कडी, पँट, पाणी, हात. पण मी त्याला ज्या खोलीबद्दल शिकवतेय ती मी जन्मात पाहिलेली नाही. कुठे उभं राहायचं, रांग असली तर काय करायचं, कुणाकडे बघायचं आणि कुणाकडे नाही, हे मला कोण सांगणार? अशा गोष्टी घरातलाच पुरुष शिकवतो, आणि त्याच्या घरातला तू आहेस. चार दिवस रजा काढून ये. माझ्याशी अबोला चालू ठेवायचा असेल तर खुशाल ठेव, मी ताट वाढून बाजूला होईन. त्याचा हात धर आणि त्याला आत ने. तुम्हाला दोघांना लागेल तेवढा वेळ घ्या, मी बाहेर थांबते.

तुझीच, भांडकुदळ पण तुझीच,
ताई